मास्तरांचा डावा पाय

मास्तरांच्या हाताखाली गाडी शिकलेला माणूस रस्त्यात लगेच ओळखू येतो. उगाच हॉर्न वाजवत नाही, आरशात बघतो, वळायच्या आधी दिवा लावतो आणि तोंडावर असा काही रुबाब असतो की जणू रस्ता याच्या आजोबांनीच बांधलाय. अर्धं गाव मास्तरांनी रस्त्यावर आणलं होतं. म्हणजे, गाडी शिकवून.

शाळा म्हणजे घराची पुढची खोली. एक फळा, दोन बाक, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात ती पांढरी गाडी. पहिल्या दिवशी मास्तर गाडीला हात लावू देत नसत. आधी भाषण. फळ्यावर एक वळण काढायचं, वळणावर एक ट्रक, आणि ट्रकच्या मागून डोकावणारी एक शहाणी गाडी. "अपघात कशाने होतात?" असं दरडावून विचारायचं. कोणी म्हणे खड्ड्यांनी, कोणी म्हणे नशिबाने.

"नशीब गाडी चालवत नाही!" मास्तर खेकसायचे. "गाडी तुम्ही चालवता. वेग, फोन, डोळ्यांवरची झोप, वळणावर पुढे घुसायची हौस, आणि पट्टा न लावता 'इथंच तर जायचंय' म्हणणारं तुमचं ते टकुरं. यातलं एक पुरतं. दोन एकत्र आली की भिंतीवर फोटो. आणि हे नीट ऐका. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला तर चेंडूकडे बघू नका. त्याच्या मागे पोर आहे. पोर दिसेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, मागचा कितीही बोंबलला तरी!"

भाषण फर्मास असायचं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. घोळ होता तो मास्तरांच्या डाव्या पायात.

शिकवायच्या गाडीत मास्तर बसतात डावीकडे, शिकणारा उजवीकडे. शिकणाऱ्याने घोळ घातला तर गाडी थांबवता यावी म्हणून मास्तरांच्या बाजूला, डाव्या पायापाशी, एक जादा ब्रेक असतो. तो केबलने ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडलेला. बाकीचे शिक्षक काय करतात? कचकन ब्रेक दाबतात, शिकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि पुढे जातात. मास्तर स्वतः अशाच एका आरडाओरडा करणाऱ्याकडे शिकले होते. तेव्हाच त्यांनी ठरवलं की आपण असा कुणाचा पाणउतारा करायचा नाही. म्हणून ते हळूच दाबायचे. इतकं हळूच, की बोलणं चालू, हातवारे चालू, आणि खाली पाय आपला काम करतोय. समोर म्हैस आली, गाडी मऊपणे थांबली. शिकणारा खूश. "जमलं की!" मास्तर म्हणायचे, "शाब्बास!"

माणसाला शाब्बास म्हटलं की तो फुलतो, फुलला की फी देताना कुरकुरत नाही आणि चार जणांना सांगतो. मास्तरांचं नाव झालं. "आपल्या गाडीला आजवर ओरखडा नाही," असं ते छाती काढून सांगायचे, आणि ते खरंही होतं. ओरखडे पुढे ज्याच्या त्याच्या गाडीला पडायचे. औषधवाला स्वतःच्याच दुकानाच्या शटरमध्ये घुसला, तेव्हा मास्तर म्हणाले, "फोनवर बोलत असणार." शाळेतले चित्रकलेचे सर दिव्याच्या खांबाला भेटले, तेव्हा म्हणाले, "कलावंत माणूस, लक्ष कुठे असतं." प्रत्येकाला काहीतरी कारण सापडायचं. डावा पाय कधी कुणाच्या डोक्यात आला नाही, मास्तरांच्या तर मुळीच नाही.

तर अशा मास्तरांच्या बायकोने, म्हणजे मास्तरीणबाईंनी, पन्नाशीत हट्ट धरला की मला गाडी शिकवा. त्यांची धाकटी बहीण टेकडीपलीकडे राहायची. तिथं जायचं तर कुणाच्या तरी हातापाया पडावं लागायचं. "अहो, मी काय जन्मभर कुणीतरी नेईल म्हणून दारात पिशवी घेऊन बसू?" त्यांनी विचारलं. मग मास्तरांना शिकवावंच लागलं.

अशी विद्यार्थिनी देव शत्रूलाही न देवो. मास्तर म्हणाले डावीकडून, की त्या म्हणायच्या का म्हणून. शेवटी परीक्षा झाली. परीक्षेला मोकळं मैदान, आडवं यायला एक कुत्रं, आणि तेही झोपलेलं. बाई पास झाल्या. एक जुनी निळी गाडी घरी आली. आणि मग एके दिवशी दुपारी बाई पहिल्यांदा एकट्याने बहिणीकडे निघाल्या. एकट्याने म्हणजे सासूला घेऊन. ऐंशीला टेकलेली म्हातारी हट्टाने मागच्या सीटवर जाऊन बसली होती. "मी येणार. मेलो तर दोघी एकदम मरू. मागे राहून ह्याला स्वयंपाक कोण करून घालणार?"

मास्तरांनी फाटकातून हात हलवला. ऊर भरून आला होता त्यांचा. आपली बायको, आपली शिष्या. बाकीचं जाऊ दे, पण हिची शिकवणी आपण अगदी जीव लावून केली, असं त्यांना वाटलं.

मग लगेच ते पाववाल्याला घेऊन शिकवणीला निघाले.

पाववाला म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक. अंगाने भट्टीएवढा, स्वभावाने लोण्यासारखा. त्याला दुकानासाठी टेम्पो घ्यायचा होता, म्हणून शिकत होता. स्टिअरिंगवर पिठाचे हात ठेवून तो असा निवांत चालवायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. मास्तरांना तो फार आवडायचा. घाबरत म्हणून नव्हता पठ्ठ्या.

त्या दिवशी मास्तर ओल्या रस्त्याबद्दल सांगत होते. पाणी पडलं की टायर कसे घसरतात, पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, असं सगळं. पुढे वळणापाशी पाण्याचा टँकर उभा होता. मास्तरांनी बोलता बोलता, नेहमीसारखा, डावा पाय दाबला.

टक्.

पेडल सरळ तळाला गेलं. केबल तुटली होती. गाडी काही हळू झाली नाही. मास्तरांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. टँकर जवळ येत होता आणि पाववाला मंद हसत होता.

"ब्रेक!" मास्तर ओरडले.

"कुठला?" पाववाल्याने विचारलं.

मास्तरांनी हँडब्रेक ओढला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग हिसकलं, आणि गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. टँकर राहिला दोन हातांवर. दोघांच्या समोर वायपर इकडून तिकडे फिरत होता. वायपर कुणी चालू केला होता देव जाणे.

"मास्तर," पाववाला म्हणाला, "आज ती थांबली का नाही हो?"

"थांबली नाही? अरे गाढवा, तू थांबवली नाहीस!"

"मी कशाला थांबवू?" पाववाल्याला खरंच नवल वाटलं होतं. "समोर काही आलं की ती आपोआप हळू होते ना? इतके दिवस होतेच की. मला वाटलं, आजकालच्या गाड्यांना असतं तसं काहीतरी."

"ही गाडी आजकालची आहे?"

"ते मी नाही विचारलं बुवा. तुम्ही शाब्बास म्हणायचात, म्हटलं बरोबरच असेल."

मास्तर काहीतरी जबरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ते उघडंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर औषधवाल्याचं शटर आलं. मग चित्रकलेच्या सरांचा खांब आला. मग बँकेतली एक मुलगी, जी गाडीसकट चौकातल्या कारंज्यात गेली होती. सगळे एकापाठोपाठ आले आणि सगळ्यांच्या तोंडावर तोच रुबाब होता. आणि सगळ्यांच्या मागून एक निळी गाडी आली.

टेकडीपलीकडे जायचा रस्ता चढून जातो आणि मग असा उतरतो की सायकलवालेही उतरून चालतात. उतारावर आंधळी वळणं. उतार संपतो तिथे शाळेचं फाटक. आणि शाळा सुटायची वेळ होत आलेली.

"अरे देवा," मास्तर म्हणाले. "उठ! इकडे ये! जागा बदल!"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरांनी स्वतः गाडी चालवल्याला वर्षं लोटली होती. त्यांना गरजच पडायची नाही. भाजी आणायची, दाढी करायला जायचं, दवाखाना, लग्नकार्य, सगळीकडे मास्तर शिकवणीच्या नावाखाली डावीकडे बसून जायचे. विद्यार्थ्याचा सराव व्हायचा आणि मास्तरांचं काम. तेव्हा त्या दिवशी स्टिअरिंगमागे बसल्यावर त्यांना आधी किल्लीच सापडेना. पण बायको आणि आई डोळ्यांसमोर असताना माणूस किल्लीसाठी थांबतो होय? गाडी वाळूतून मागे आली, वळली आणि सुटली.

"मास्तर, पट्टा," पाववाला म्हणाला. त्याने स्वतःचा लावला होता.

"गप रे! इथंच तर जायचंय!"

बाजारातून मास्तरांनी जी गाडी काढली, तशी त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याने काढली असती तर त्यांनी त्याला फळा पुसायला बसवलं असतं. एका हाताने त्यांनी फोन काढला. बाईंचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"उचलत का नाही ही बाई!"

"चालवत असतील," पाववाला म्हणाला. "चालवताना फोन घ्यायचा नाही, असं तुम्हीच पहिल्या दिवशी..."

"मी काय सांगितलं ते मला सांगू नकोस!"

पाववाला गप्प झाला. पण त्याचे डोळे काही गप्प बसेनात. वेगाच्या काट्याकडे बघायचा, मग मास्तरांच्या हातातल्या फोनकडे, मग रस्त्याकडे. चढ संपला, उतार लागला. पुढे विटांचा ट्रक चालला होता, मुंगीच्या पावलांनी. मास्तरांनी हॉर्नवर हात दाबून धरला.

"मास्तर, पुढे वळण आहे."

"दिसतंय मला."

"वळणावर ट्रक. अगदी फळ्यावर होतं तसंच आहे बघा. आणि मागून डोकावणारी ती गाडी..."

"एक शब्द बोललास तर खाली उतरवीन!"

"उतरवा!" पाववाला कळवळून म्हणाला. "खरंच उतरवा हो, मला दोन पोरं आहेत!"

पण मास्तरांच्या कानात काही शिरत नव्हतं. त्यांना एकच दिसत होतं. उतारावरून निळी गाडी खाली चाललीय, समोर पोरं येताहेत, आणि आपली बायको स्टिअरिंगला धरून शांतपणे वाट बघतेय, आता ही आपोआप थांबेल. 'शाब्बास' म्हणून म्हणून आपणच तिला मरायला पाठवलंय. त्यांनी फोन मांडीवर टाकला, गाडी बाहेर काढली, ट्रकच्या पुढे घुसवली आणि वळण घेतलं.

वळणापलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेला, निळी गाडी उभी होती. नीट उभी होती. मागचे दिवे लाल, आणि इशाऱ्याचे दोन्ही पिवळे दिवे लुकलुकत होते.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्याला वेळ कुठे होता! मास्तरांनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. आणि कुठल्या पायाने दाबला? ज्या पायाने जन्मभर दाबत आले, त्या. डाव्या. ड्रायव्हरच्या बाजूला डाव्या पायाखाली ब्रेक नसतो, क्लच असतो. क्लच दाबला की इंजिनाने गाडीला धरून ठेवलेलं असतं तेही सुटतं. उतारावर ती पांढरी गाडी मोकळ्या बैलासारखी उधळली. मास्तर पाय आणखी जोरात दाबताहेत, ती आणखी धावतेय. शेजारी पाववाला त्याच्या पायापाशी असलेलं तुटक्या केबलचं पेडल धडाधडा आपटत होता.

"उजवा! मास्तर, उजवा!" तो किंचाळला.

उजवा पाय ब्रेकवर पडला, पण उशिरा. धडाम्! मास्तरांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, काचा खळाखळा रस्त्यावर सांडल्या, आणि त्यांच्या गाडीला आयुष्यातला पहिला ओरखडा आला. ओरखडा कसला, तिचं सगळं थोबाडच आत गेलं.

मागून विटांचा ट्रक आला, थांबला, ड्रायव्हरने मान बाहेर काढून गाडीच्या टपावरची पाटी वाचली, 'येथे सुरक्षित गाडी चालवण्यास शिकवले जाते', आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

मास्तर धडपडत उतरले. निळ्या गाडीचं मागचं दार उघडून म्हातारी आधीच बाहेर आली होती. तिला काही झालं नव्हतं. तोंड तर अगदीच शाबूत होतं.

"अरे मेल्या, आईला मारायला निघाला होतास? आणि तेही मागून?"

"आई, ही... ही कुठे आहे?"

"पुढे बघ."

मास्तर गाडीच्या पुढे गेले. मास्तरीणबाई रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांच्या कुशीत एक एवढीशी पोरगी होती, दोन वेण्यांची, छातीशी लाल चेंडू घट्ट धरलेली. मोठ्यांदा रडत होती, पण धडधाकट होती.

"वरच्या घरातून चेंडू आला घरंगळत," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगता ना, पोर दिसेपर्यंत हलायचं नाही. म्हणून थांबले. कितीतरी वेळ कुणी येईना. आई मागून म्हणत होत्या, चल आता, कुणी नाही. मी म्हटलं नाही. मग ही आली. गाडीच्या पुढेच वाकून चेंडू उचलत होती, आणि मागून तुम्ही..."

त्यांनी पोरीला आणखी जवळ ओढलं. मास्तरांनी रस्त्याकडे बघितलं. निळ्या गाडीच्या टायरांनी एक वीत लांबीचे काळे पट्टे ओढले होते. तेवढीच सरकली होती ती. पोरीची निसटलेली चप्पल आधी गाडीच्या नाकापासून हातभर लांब असणार. आता वीत उरली होती.

"हँडब्रेक ओढलेला होता," बाई म्हणाल्या. "आणि पायही ब्रेकवरच होता. काढला नव्हता मी."

मास्तर रस्त्याच्या कडेला मटकन बसले. आणि रडायला लागले. गावातला एवढा मोठा माणूस, कपाळावर टेंगूळ, आणि विटांच्या ट्रकवाल्यासमोर लहान पोरासारखा रडत होता. ट्रकवाल्याचं हसूही मग थांबलं.

"मला वाटलं, तुला ब्रेक येत नाही," मास्तर हुंदके देत म्हणाले. "मीच मारायचो सगळ्यांचे. चोरून. तुझेही."

"ते ठाऊक होतं मला."

मास्तरांनी मान वर केली.

"पहिल्याच दिवशी कळलं. पाय ब्रेकवर ठेवला होता आणि तो आपोआप खाली जायला लागला. मला वाटलं, खाली उंदीर बिंदीर आहे की काय. मग तुमच्या गुडघ्याकडे बघितलं." बाईंनी पोरीचं नाक पदराने पुसलं. "तेव्हापासून मी एकच धरलं, तुमच्या आधी दाबायचा. पहिले काही दिवस हरले. मग जिंकायला लागले. शेवटी शेवटी तर तुम्हाला काही करायलाच उरलं नव्हतं. पेडल हलकं लागत नव्हतं का तुम्हाला?"

लागत होतं. चांगलंच लागत होतं. मास्तरांना वाटलं होतं, मेकॅनिकने तेलपाणी छान केलंय. त्यांनी त्याला बोलावून चहासुद्धा पाजला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही शाब्बास म्हणायचात," बाई म्हणाल्या. "बरं वाटायचं."

पोरीची आई धावत आली. पोरीला उचलून तिने बाईंचे हात धरले, मग मास्तरांकडे वळली आणि त्यांना असं काही सुनावलं की तसलं भाषण त्यांनी कधी कुणा विद्यार्थ्यालाही दिलं नव्हतं. मास्तरांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा पोलिसाला बोलावतो म्हणून पाववाल्याने नंबर विचारला, तेव्हा मास्तरांनी स्वतःच सांगितला. पोलीस येऊन सगळं लिहून घेऊन गेला, मोडकी गाडी ट्रकवाल्याने कडेला ओढून दिली, आणि मग चौघं निळ्या गाडीपाशी उभे राहिले. म्हातारी आणि पाववाला मागे बसले. मास्तर सवयीने पुढे डावीकडे गेले.

"पट्टा," बाई म्हणाल्या. "आणि पाय वर."

"काय?"

"पाय वर घ्या. मांडी घालून बसा. तुमच्या पायाचा मला भरवसा नाही."

मास्तर मांडी घालून बसले. गाडी उतारावरून खाली निघाली. शाळा सुटली होती आणि फाटकातून पोरांचा लोंढा बाहेर पडत होता. मास्तरांचा डावा पाय उजव्या मांडीखाली वळवळायला लागला. त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. डोळे मिटावेसे वाटत होते, पण त्यांनी मिटले नाहीत. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि पोरांच्या बऱ्याच अलीकडे थांबली. पोरं एकमेकांच्या पाठीवर दप्तरं हाणत रस्ता ओलांडून गेली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी खरोखर गाडी थांबवताना बघितलं.

"मास्तर," मागून पाववाला घसा खाकरत म्हणाला, "राग मानू नका, पण उद्यापासून मी वहिनींकडेच शिकीन म्हणतो."

मास्तरांनी खिशातून फोन काढला. औषधवाल्याला लावला. सगळ्यांना परत बोलवायचं होतं. औषधवाला, चित्रकलेचे सर, कारंजावाली, झाडून सगळे. ब्रेक शिकवायचा राहिला होता.

फोन लगेच उचलला गेला. पलीकडून हॉर्न ऐकू येत होते.

"बोला मास्तर! गाडी चालवतोय, पण तुम्ही बोला!"

मास्तरांनी चटका बसल्यासारखा फोन बंद केला आणि मांडीवर उपडा ठेवला.

"घरोघरच जावं लागणार," ते पुटपुटले. "अर्धं गाव आहे गं. आणि माझी गाडी तर..."

"मी नेते की," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि आरशात बघून, दिवा लावून, गाडी सावकाश पुढे काढली. "पण पाय वर घेऊनच बसायचं."